एलव्हीएम स्नॅपशॉट: जुनी पद्धत की थिन? निवड आणि वापर, पायरी-पायरीने

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या सर्व्हरवर शुक्रवारी संध्याकाळी अपडेट चढवायचे होते. जागेची मांडणी एलव्हीएमची होती; लिनक्सची ही व्यवस्था डिस्कची जागा एका ग्रुपमध्ये जमवते आणि त्यातून व्हॉल्यूम नावाचे भाग पाडते. डेटाचा व्हॉल्यूम ५०० जीबीचा, ग्रुपमध्ये मोकळी जागा २० जीबी. ती सगळी जागा देऊन मी जुन्या पद्धतीचा स्नॅपशॉट, म्हणजे व्हॉल्यूमचा त्या क्षणीचा गोठवलेला फोटो, घेतला. अपडेट नीट झाले आणि स्नॅपशॉट काढायचा राहून गेला. सोमवारी व्याजाच्या हिशेबात चूक निघाली. मागे जाऊ म्हणून पाहिले, तर स्नॅपशॉट अवैध झालेला होता. शनिवारी रात्री डेटाबेसच्या नेहमीच्या देखभालीत मोठी टेबले नव्याने लिहिली गेली होती आणि त्यातच २० जीबी भरून गेले होते. शेवटी गुरुवारच्या बॅकअपवरून सगळे उभे केले. शुक्रवारच्या नोंदी तिथल्या कर्मचाऱ्यांनी पावत्या समोर ठेवून हाताने पुन्हा भरल्या.

तेव्हापासून स्नॅपशॉट घेण्याआधी मी एक प्रश्न आधी विचारतो: हा स्नॅपशॉट किती वेळ ठेवायचा आहे? लिनक्सच्या एलव्हीएममध्ये जुनी पद्धत घ्यायची की थिन, याचे बरेचसे उत्तर त्यातच असते. उरलेले उत्तर दुसऱ्या प्रश्नात असते: जागा भरत आली तर लक्ष कोण ठेवणार?

या लेखातल्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाकायच्या. पर्यायांची लांब नावे वापरली आहेत, म्हणजे कोणता पर्याय काय करतो ते वाचतानाच कळेल. उदाहरणात व्हॉल्यूम ग्रुपचे नाव ‘कोठार’ आणि व्हॉल्यूमचे नाव ‘डेटा’ धरले आहे.

आत काय घडते

जुन्या पद्धतीत स्नॅपशॉट म्हणजे मूळ व्हॉल्यूमशेजारी राखून ठेवलेली एक वेगळी जागा. घेतला त्या क्षणी ती रिकामी असते. मूळ व्हॉल्यूमवरच्या एखाद्या तुकड्यावर पहिल्यांदा नवे लिहायची वेळ आली, की आधी तिथला जुना मजकूर वाचला जातो, तो राखीव जागेत उतरवला जातो, कुठला तुकडा कुठे ठेवला याची नोंद होते आणि मगच नवा मजकूर लिहिला जातो. म्हणजे एका लिखाणामागे एक वाचन आणि दोन जादा लिखाणे. त्याच तुकड्यावर पुन्हा लिहिले तर हा खर्च नसतो. तुकडा सहसा ४ केबीचा असतो.

एका मूळ व्हॉल्यूमचे तीन स्नॅपशॉट असतील, तर तोच जुना मजकूर तीन ठिकाणी उतरवावा लागतो. फिरत्या डिस्कवर हे लगेच जाणवते. सकाळी स्नॅपशॉट घेतला आणि दुपारी लोक ‘आज सिस्टीम जड चालते आहे’ म्हणू लागले, तर आधी इथेच बघावे.

थिन पद्धत लिनक्स कर्नलमध्ये ३.२ या आवृत्तीत, म्हणजे २०१२ च्या जानेवारीत आली. तिची मांडणी मुळातूनच वेगळी आहे. इथे आधी एक पूल, म्हणजे जागेचा सामायिक साठा, बनवतात आणि सगळे व्हॉल्यूम त्या पुलातूनच जागा घेतात. कोणत्या व्हॉल्यूमचा कोणता तुकडा पुलात कुठे आहे, याची वही मेटाडेटा नावाच्या वेगळ्या छोट्या व्हॉल्यूममध्ये असते. स्नॅपशॉट घेणे म्हणजे त्या वहीतल्या पानाला आणखी एक नाव लावणे. मूळ आणि स्नॅपशॉट दोघेही त्याच तुकड्यांकडे बोट दाखवतात. पुढे कुणी एकाने तुकडा बदलला की त्याच्यासाठी नवा तुकडा काढला जातो आणि दुसऱ्याकडे जुना राहतो. स्नॅपशॉट एक असो की वीस, बदललेल्या तुकड्याची जुनी प्रत एकदाच राहते. स्नॅपशॉटचा स्नॅपशॉट, त्याचाही स्नॅपशॉट, असे घेत गेलात तरी वेग त्या साखळीच्या लांबीवर अवलंबून नसतो.

आणखी एक फरक रोजच्या कामात फार उपयोगी पडतो. जुन्या पद्धतीत मूळ व्हॉल्यूम काढला की त्याचे स्नॅपशॉटही जातात. थिनमध्ये मूळ काढून टाकले तरी स्नॅपशॉट स्वतंत्र व्हॉल्यूम म्हणून उभा राहतो.

जागा भरली की काय होते

निवड करताना मी सर्वात जास्त वजन या मुद्द्याला देतो.

जुन्या पद्धतीत राखीव जागा भरली की स्नॅपशॉट अवैध होतो आणि त्यातले काहीही परत मिळत नाही. पण मूळ व्हॉल्यूमला धक्का लागत नाही. लोकांचे काम चालू राहते.

थिनमध्ये उलट आहे. पुलाची जागा संपली की पुलातल्या प्रत्येक व्हॉल्यूमचे नवे लिखाण अडते. नेहमीच्या सेटिंगमध्ये लिखाण ६० सेकंद रांगेत थांबते आणि तेवढ्या वेळात जागा वाढली नाही तर चुका परत येऊ लागतात. फाइल सिस्टीम मग केवळ वाचनाच्या अवस्थेत जाते किंवा बंद पडते. स्नॅपशॉट एका व्हॉल्यूमचा होता, पण फटका शेजारच्या डेटाबेसला आणि मेललाही बसतो. मेटाडेटाची जागा संपली तर प्रकरण आणखी बिकट होते, कारण तेव्हा वहीच दुरुस्त करावी लागते.

जुनी पद्धत स्नॅपशॉटचा बळी देऊन मूळ वाचवते. थिन दोघांना एकाच होडीत बसवते. म्हणून, जिथे देखरेख करणारे कुणी नाही, महिन्यातून एकदाच कुणीतरी लॉगिन करते, अशा ठिकाणी केवळ ‘नवे आहे’ म्हणून थिन बसवू नका.

पायरी १: तुमच्याकडे आत्ता काय आहे ते बघा

व्हीजीएस
एलव्हीएस --ऑप्शन्स +सेगटाइप

पहिल्या कमांडच्या उत्तरात ‘व्हीफ्री’ हा रकाना बघा. ग्रुपमधली मोकळी जागा तिथे दिसते. ती शून्य असेल तर जुन्या पद्धतीचा स्नॅपशॉट घेताच येणार नाही. फाइल सिस्टीममध्ये कितीही जागा मोकळी असली तरी ती इथे उपयोगाची नाही. नवी डिस्क जोडून ग्रुप वाढवा, किंवा फाइल सिस्टीम ईएक्सटी४ असेल तर ती लहान करून जागा काढा. एक्सएफएसच्या बाबतीत त्या भरवशावर राहू नका.

दुसऱ्या कमांडच्या उत्तरात व्हॉल्यूमपुढे ‘लिनियर’ असेल तर तो साधा व्हॉल्यूम आहे आणि त्याचा स्नॅपशॉट जुन्या पद्धतीचाच होईल. ‘थिन’ असेल तर दोन्ही वाटा खुल्या आहेत. प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवण्याची प्रणाली) नेहमीच्या पद्धतीने बसवले असेल, तर त्यात ‘डेटा’ नावाचा थिन पूल बहुधा आधीच तयार असतो.

पायरी २: निवड करा

अपडेटच्या आधी घेऊन दोन-चार तासांत काढायचा स्नॅपशॉट, किंवा बॅकअप चालू असेपर्यंतच लागणारा स्थिर फोटो, यासाठी जुनी पद्धत पुरते. व्हॉल्यूम साधा असेल तर एवढ्यासाठी सगळी मांडणी बदलून थिनवर जाण्यात अर्थ नाही.

स्नॅपशॉट दिवस-दोन दिवसांहून जास्त ठेवायचा असेल, रोज एक याप्रमाणे आठवडाभराचे ठेवायचे असतील, किंवा एका तयार व्हर्च्युअल मशीनवरून दहा चाचणी-मशीन काढायची असतील, तर थिन घ्या. या कामाला जुनी पद्धत वापरली तर प्रत्येक स्नॅपशॉटमागे लिखाण मंदावते आणि प्रत्येकासाठी वेगळी जागा अडकते.

मधल्या परिस्थितीत, म्हणजे दोन-तीन दिवस ठेवायचा आहे आणि व्हॉल्यूम साधा आहे तेव्हा, मी जुनीच पद्धत घेतो. पण जागा सढळ देतो आणि काढायची तारीख नावातच घालतो.

बीटीआरएफएस किंवा झेडएफएसवर असाल तर स्नॅपशॉट फाइल सिस्टीमच सांभाळते. तिथे हा प्रश्नच येत नाही, म्हणून पुढचे सगळे फक्त एलव्हीएमसाठी आहे.

पायरी ३: जुन्या पद्धतीने स्नॅपशॉट

आधी किती जागा द्यायची ते ठरवा. ‘मूळच्या दहा-वीस टक्के द्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण माझ्या मते तो धोकादायक आहे. जागा मूळ व्हॉल्यूमच्या आकारावर लागत नाही, तुमच्या कामात किती वेगवेगळे तुकडे बदलतात त्यावर लागते. ते मोजून बघता येते. गर्दीच्या वेळी एक चाचणी-स्नॅपशॉट घ्या आणि तासाभराने एलव्हीएसमधला ‘डेटा टक्के’ रकाना वाचा. १० जीबीचा स्नॅपशॉट तासात १२ टक्के भरला, तर वेग तासाला सुमारे १.२ जीबी आहे. आठ तासांसाठी १० जीबी होतात. मी दुप्पट, म्हणजे २० जीबी देतो. रात्रीची देखभाल, लॉगची फिरवाफिरव, इंडेक्स पुन्हा बांधणे यांपैकी काही त्या काळात येत असेल, तर हा हिशेब चुकतो. तेव्हा त्या कामाच्या वेळीच मोजा.

जागा मूळएवढी आणि नोंदींसाठी थोडी जास्त दिली, तर स्नॅपशॉट कधीच भरत नाही. मोकळी जागा भरपूर असेल तर खुशाल तसे करा.

एलव्हीक्रिएट --स्नॅपशॉट --साइझ २०जी --नेम डेटा_अपडेटआधी कोठार/डेटा

ही कमांड चालते तेव्हा एलव्हीएम फाइल सिस्टीमला क्षणभर थांबवून हातातले लिखाण डिस्कवर उतरवायला लावते. त्यामुळे ईएक्सटी४ किंवा एक्सएफएसच्या पातळीवर स्नॅपशॉट सुसंगत असतो. डेटाबेसच्या दृष्टीने मात्र तो अचानक वीज गेल्यासारखाच असतो. पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएलचे इनोडीबी अशा स्थितीतून सावरतात, पण त्यांच्या डेटा फाइल आणि लॉग एकाच व्हॉल्यूमवर असतील तरच. लॉग वेगळ्या व्हॉल्यूमवर असेल, तर दोन स्नॅपशॉट एकाच क्षणाचे नसतात. तेव्हा डेटाबेसची स्वतःची बॅकअप-पद्धत वापरा, किंवा दोन्ही स्नॅपशॉट होईपर्यंत डेटाबेस बंद ठेवा.

आता आपोआप वाढण्याची सोय. एलव्हीएमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘स्नॅपशॉट_ऑटोएक्स्टेंड_थ्रेशोल्ड’ अशी ओळ असते. तिची मूळ किंमत १०० असते आणि १०० म्हणजे सोय बंद. ती ७० करा. खालच्या ‘स्नॅपशॉट_ऑटोएक्स्टेंड_परसेंट’ या ओळीत २० असते, ते ठीक आहे. यापुढे स्नॅपशॉट ७० टक्के भरला की तो २० टक्क्यांनी वाढेल. त्यासाठी ग्रुपमध्ये जागा हवी आणि डीएमइव्हेंटडी ही देखरेखीची सेवा चालू हवी.

स्नॅपशॉटमधले काही बघायचे किंवा बॅकअपला पाठवायचे असेल तर तो केवळ वाचनासाठी माउंट करा. एक्सएफएसवर इथे हमखास अडते. मूळ आणि स्नॅपशॉट यांची ओळख-संख्या एकच असते, म्हणून दुसरा माउंट करायला ती नकार देते. ‘नोयूयूआयडी’ हा माउंट-पर्याय जोडा. स्नॅपशॉट घेतानाच तो केवळ वाचनाचा केला असेल तर ‘नोरिकव्हरी’ही जोडावा लागतो.

मागे जायचे असेल तर

एलव्हीकन्व्हर्ट --मर्ज कोठार/डेटा_अपडेटआधी

मूळ व्हॉल्यूम माउंट असेल तर हे काम लगेच सुरू होत नाही, पुढच्या वेळी तो व्हॉल्यूम चालू होताना होते. म्हणून शक्य असेल तर आधी सेवा बंद करा, अनमाउंट करा, मग ही कमांड द्या. रूट व्हॉल्यूम, म्हणजे ज्यावर खुद्द सिस्टीम बसवलेली असते तो, असेल तर रीबूटला पर्याय नाही. जुन्या पद्धतीत राखीव जागेतला मजकूर मूळ जागी परत लिहिला जातो आणि त्याला बदलांच्या प्रमाणात वेळ लागतो. तोवर व्हॉल्यूम वापरता येतो आणि त्यात जुनी स्थितीच दिसते. काम संपले की स्नॅपशॉट आपोआप नाहीसा होतो.

रूटच्या बाबतीत ‘बूट’ची गोष्ट विसरू नका. बूटचे विभाजन, म्हणजे कर्नल ठेवलेला डिस्कचा भाग, बहुधा एलव्हीएमच्या बाहेर असते. अपडेटमध्ये नवा कर्नल आला, तुम्ही रूट मागे नेले, पण बूटमध्ये नवा कर्नल तसाच राहिला. त्याची मॉड्यूल मात्र जुन्या रूटमध्ये नसतात. अशा वेळी सुरुवातीच्या यादीतून जुना कर्नल निवडा, म्हणजे मशीन उभे राहते. यासाठी अपडेटच्या आधी बूटची एक प्रत बाजूला काढून ठेवावी.

पायरी ४: थिन पूल बांधणे

नव्या पुलासाठी दोन आकडे आधीच ठरवावे लागतात: तुकड्याचा आकार आणि मेटाडेटाची जागा.

तुकडा ६४ केबीपासून १ जीबीपर्यंत असू शकतो. स्नॅपशॉट हा मुख्य हेतू असेल तर लहान ठेवा. सामायिक तुकड्यातले फक्त ४ केबी बदलले तरी अख्खा तुकडा नवा काढावा लागतो. ६४ केबीच्या तुकड्यात ४ केबीचे विखुरलेले लिखाण जास्तीत जास्त सोळापट जागा खाऊ शकते. डेटाबेसचे लिखाण असेच विखुरलेले असते, म्हणून ‘थिन स्नॅपशॉट जागा कमी घेतो’ हे सरसकट खरे नाही. एकाच स्नॅपशॉटच्या बाबतीत जुनी पद्धत कमी जागेत भागवू शकते. थिनचा फायदा स्नॅपशॉट अनेक झाले की दिसतो.

मेटाडेटासाठी अंदाज सोपा आहे: प्रत्येक तुकड्यामागे ६४ बाइट. १ टीबीच्या पुलात ६४ केबीचे सुमारे १ कोटी ६८ लाख तुकडे होतात, म्हणजे मेटाडेटा १ जीबी. त्याची कमाल मर्यादा १६ जीबीच्या आसपास आहे. इथे काटकसर करू नका. तेवढीच आणखी जागा एलव्हीएम दुरुस्तीसाठी राखून ठेवते, तीही हिशेबात धरा.

एलव्हीक्रिएट --टाइप थिन-पूल --साइझ २००जी --चंकसाइझ ६४के --पूलमेटाडेटासाइझ १जी --नेम पूल कोठार
एलव्हीक्रिएट --टाइप थिन --व्हर्च्युअलसाइझ १००जी --थिनपूल पूल --नेम डेटा२ कोठार

जुन्या साध्या व्हॉल्यूममधला मजकूर थिनवर न्यायचा असेल तर सरळ नवा थिन व्हॉल्यूम बनवा, त्यावर फाइल सिस्टीम घाला, सेवा बंद करून आरसिंकने फाइल हलवा. डीडीने अख्खी डिस्क उतरवली तर रिकामी जागाही लिहिली जाते आणि थिनचा अर्धा फायदा पहिल्याच दिवशी जातो.

ग्रुपची सगळी जागा पुलाला देऊन टाकू नका. मी निदान १५–२० टक्के जागा बाहेर ठेवतो. सेटिंगच्या फाइलमध्ये ‘थिन_पूल_ऑटोएक्स्टेंड_थ्रेशोल्ड’ही सहसा १०० असते, म्हणजे बंद. ती ७० करा. ५० च्या खाली जाता येत नाही.

मग ही सोय खरोखर चालते का ते पूल कामाला लावण्याआधीच बघा. चाचणीचा छोटा पूल बनवा, त्यात ७० टक्क्यांच्या पुढे जाईल एवढी मोठी फाइल लिहा आणि मिनिटभराने एलव्हीएस चालवा. पुलाचा आकार वाढलेला दिसला पाहिजे. वाढला नसेल तर डीएमइव्हेंटडी चालू नाही, किंवा त्या पुलावर देखरेखच लागलेली नाही.

पायरी ५: थिन स्नॅपशॉट

एलव्हीक्रिएट --स्नॅपशॉट --नेम डेटा२_सोमवार कोठार/डेटा२

आकार दिलेला नाही, हे नीट बघा. इथे हाताच्या सवयीने ‘--साइझ २०जी’ जोडले तर कमांड तक्रार न करता चालते, पण थिन व्हॉल्यूमवर जुन्या पद्धतीचा स्नॅपशॉट बनतो. नाव बरोबर, यादीत दिसतो, आणि आत सगळे जुने तोटे. जुन्या पद्धतीवरून थिनवर आलेल्या माणसाकडून ही चूक सर्वात जास्त होते. जुन्या स्क्रिप्टमध्ये आकार लिहिलेला असतोच, तो शोधून काढून टाका.

स्नॅपशॉट बनतो, पण माउंट करायला गेलात तर उपकरण सापडत नाही. घाबरू नका. थिन स्नॅपशॉट नेहमीच्या सेटिंगमध्ये आपोआप चालू होत नाहीत. तो असा चालू करा:

एलव्हीचेंज --अ‍ॅक्टिव्हेट वाय --इग्नोरअ‍ॅक्टिव्हेशनस्किप कोठार/डेटा२_सोमवार

तो कायम आपोआप चालू हवा असेल तर बनवतानाच ‘--सेटअ‍ॅक्टिव्हेशनस्किप एन’ द्या. चाचणी-मशीनसाठी घेतलेल्या स्नॅपशॉटना हे लागते.

मागे जाण्याची कमांड वर दिली तीच. थिनमध्ये मजकूर परत लिहावा लागत नाही, वहीतले पान बदलते, म्हणून व्हॉल्यूम कितीही मोठा असला तरी काम झटकन होते. मूळ व्हॉल्यूम वापरात नसावा, ही अट इथेही आहेच.

पायरी ६: देखरेख आणि सफाई

एलव्हीएस --ऑप्शन्स +डेटा_परसेंट,मेटाडेटा_परसेंट कोठार

थिनमध्ये दोन्ही टक्के रोज बघायचे. डेटा ४० टक्क्यांवर निवांत दिसतो आणि मेटाडेटा ९० वर गेलेला असतो, असे घडू शकते, विशेषतः रोजचे स्नॅपशॉट आणि विखुरलेले लिखाण एकत्र असतील तर. मी क्रॉनमधून दर १५ मिनिटांनी हे आकडे तपासतो आणि कोणताही एक ८० च्या वर गेला की मेल आणि एसएमएस दोन्ही पाठवतो. मेल बहुधा त्याच पुलावर असते, म्हणून एसएमएस.

फाइल खोडल्याने पुलाची जागा आपोआप परत येत नाही. कोणती जागा मोकळी झाली ते पुलाला कळवणारे एफएसट्रिम चालवावे लागते. ते आठवड्यातून एकदा चालवणारा टायमर बहुतेक लिनक्समध्ये असतो, तो चालू आहे ना ते पाहा. खोडलेली फाइल एखाद्या स्नॅपशॉटमध्ये असेल तर तो स्नॅपशॉट काढेपर्यंत एफएसट्रिमनेही जागा सुटत नाही. ‘५० जीबी खोडले तरी पूल भरलेलाच का’ याचे उत्तर बहुतेक वेळा हेच असते.

पूल भरूनच गेला, तर पहिल्या मिनिटात काहीही खोडाखोड करत बसू नका. ग्रुपमध्ये बाजूला ठेवलेली जागा आधी पुलाला द्या:

एलव्हीएक्स्टेंड --साइझ +२०जी कोठार/पूल

मेटाडेटा भरला असेल तर ‘--साइझ’ऐवजी ‘--पूलमेटाडेटासाइझ +५१२एम’. पूल केवळ वाचनाच्या अवस्थेत गेला असेल तर सगळे व्हॉल्यूम अनमाउंट करून पूल बंद करा आणि ‘एलव्हीकन्व्हर्ट --रिपेअर कोठार/पूल’ चालवा. त्यानंतर प्रत्येक फाइल सिस्टीम तपासल्याशिवाय लोकांना आत घेऊ नका.

जुन्या पद्धतीचे स्नॅपशॉट असतील तर काढायची वेळ घेतानाच ठरवून टाका. मी स्नॅपशॉट बनवल्यावर त्याच टर्मिनलवर ‘अ‍ॅट’ कमांडने दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची आठवण लावतो. मेल येते, मी आकडा बघतो, आणि गरज संपली असेल तर:

एलव्हीरिमूव्ह कोठार/डेटा_अपडेटआधी

कमांड ‘खरोखर काढायचा का’ असे विचारते. हो म्हणण्याआधी नाव पुन्हा वाचा, कारण शेपटीचे ‘_अपडेटआधी’ टाकायचे राहिले तर तोच प्रश्न मूळ व्हॉल्यूमबद्दल विचारलेला असतो. तो माउंट असेल तर एलव्हीएम काढायला नकार देते. सेवा बंद करून अनमाउंट केलेला असेल तेव्हा मात्र अडवणारे कुणी नसते.

स्नॅपशॉट कोणत्याही पद्धतीचा असो, तो त्याच डिस्कवर असतो आणि डिस्क गेली की सोबत जातो. म्हणून रात्रीचा बॅकअप वेगळ्या मशीनवर जाऊ द्या. तो स्नॅपशॉटमधून घेतलात तर डेटाबेस चालू असतानाही बॅकअप एकाच क्षणाचा होतो. क्रम असा ठेवा: स्नॅपशॉट घ्या, केवळ वाचनासाठी माउंट करा, प्रत पाठवा, अनमाउंट करा, स्नॅपशॉट काढा. स्क्रिप्ट मध्येच कोलमडली तरी शेवटच्या दोन पायऱ्या होतील अशी तजवीज तिच्या सुरुवातीलाच करून ठेवा.